उरलेले दोन शब्द

पक्षाघातानंतर आईच्या तोंडी दोनच शब्द उरले होते : "नीघ इथून!" पाणी हवं असलं तरी तेच, लेकीला जवळ बोलवायचं असलं तरी तेच. मेंदूला इजा झाली की कधीकधी एवढंच शिल्लक राहतं, त्यात मनातलं काही नसतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. लेक आता तिचे डोळे बघून काय हवं ते ओळखायची.

भांडून गेलेला थोरला मुलगा कितीतरी वर्षांनी उघड्या दारात उभा राहिला, तेव्हा लेक नेमकी औषधं आणायला गेली होती. आईचं काळीज सुपाएवढं झालं. ये बाळा, बस, असं तिला म्हणायचं होतं.

"नीघ इथून!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "वाचा गेली असं ऐकलं होतं. हे बरं खणखणीत येतं गं तुला!"

ती जीव तोडून विनवू लागली. जितकं विनवावं, तितकं "नीघ, नीघ इथून" बाहेर पडत होतं. शेवटी तिनं हलणारा डावा हात तोंडावर घट्ट दाबून धरला.

"आता बोलायचंही नाही का माझ्याशी? बरं," तो म्हणाला आणि जिना उतरू लागला.