सातव्या होलचे गुण

पंजा देवरावच्या तळहाताहून मोठा होता. खात्रीसाठी त्याने हात नुसता वर धरला, टेकवला नाही. चार बोटं, मागे गादी, कडा अजून ढासळलेल्या नाहीत. म्हणजे वाघ जाऊन तासही झाला नसेल. तो नाल्याकडून आला होता, सातव्या होलच्या वाळूवरून सरळ चालत गेला होता आणि पलीकडच्या रायमुनियाच्या झुडपांत शिरला होता.

कोळसा खाणीच्या वसाहतीतलं हे नऊ होलचं गोल्फ मैदान चंद्रपूरच्या जंगलाला अगदी खेटून होतं. हिरवळ जगवण्याइतकं पाणी इथे नव्हतं, म्हणून भोकाभोवती गवताऐवजी जळक्या तेलात कालवलेली वाळू होती. ती रोज सकाळी काथ्याची चटई ओढून सारखी करायचं काम बावीस वर्षं देवरावकडे होतं.

एरवी त्याने बोंब ठोकली असती. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याच गावची एक बाई मोहफुलं वेचताना गेली होती. वाघ काय चीज आहे हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पण काल संध्याकाळी क्लबचे सेक्रेटरी उरकुडेसाहेब त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "देवराव, उद्या नागपूरची मानसं येऊन राह्यली. मैदान किती अवघड हाये ते मोजतीन अन् आकडा देतीन. आकडा भेटला तं बाहेरचे खेळाडू येतीन, मैदान वाचन. नाई भेटला तं वरच्यायचं ठरलं हाये, इथी सोलरच्या प्लेटा. उद्या काईच गडबड नोको."

मैदान गेलं की देवराव गेला आणि गवत कापणाऱ्या चौदा बायाही गेल्या. वाघाचं वनखात्याला कळलं की मैदानाला कुलूप लागणार, आणि नागपूरकर आल्या पावली परत जाणार. देवराव माणूस वाईट नव्हता, पण त्या घडीला त्याची बुद्धी फिरली असंच म्हणायला हवं. त्याने चटईची दोरी खांद्यावर घेतली आणि भोकापासून बाहेरच्या बाजूला गोल गोल ओढत नेली. पाचव्या फेरीला वाघ तिथे आलाच नव्हता.

नऊ वाजता नाहीदमॅडम आणि त्यांचा सोबती कुलदीप आले. मैदानाची परीक्षा म्हणजे खेळून बघणार, असं देवरावला वाटत होतं. यांनी चेंडूला हातही लावला नाही. मॅडमनी चालता चालता त्याला समजावून सांगितलं. दोन खेळाडू मनात धरायचे, एक पट्टीचा आणि एक आपला साधासुधा. पट्टीच्याचा चेंडू अडीचशे यार्डांवर पडणार, साध्याचा दोनशेवर. मग त्या दोन्ही जागी जाऊन उभं राहायचं आणि बघायचं, इथून पुढे झाड आडवं येतं का, नाला किती रुंद आहे, गवत किती उंच. प्रत्येक अडचणीला शून्य ते दहा गुण.

"इथी साध्या मानसाचा चेंडू थांबतच नाई मॅडम," तिसऱ्या होलवर देवराव म्हणाला. "उतार हाये. उजवीकडं घसरते अन् त्या पळसाखाली जाऊन बसते."

मॅडम पळसाखाली जाऊन उभ्या राहिल्या, मागे वळून बघितलं आणि वहीतला आकडा खोडून नवा लिहिला. "कुलदीप, यांना विचारत चल रे."

बावीस वर्षांत त्याला असं कोणी विचारलं नव्हतं. दुसरा दिवस असता तर गडी घरी जाऊन चार वेळा सांगत बसला असता. आज त्याचं सगळं लक्ष झुडपांकडे होतं. माणसांच्या आवाजाने वाघ लांब निघून जातो, असं मनाला बजावत तो हातातली लोखंडी काठी दगडांवर आपटत चालला होता.

"भाऊ, काऊन आपटून राह्यले?" कुलदीपने विचारलं.

"साप राह्यतेत."

सहाव्या होलवर त्याने मॅडमच्या वहीत डोकावून शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा कायचा?"

"मनाचा. अडचणी एकामागे एक आल्या की खेळणारा दबकतो. त्याचेही गुण असतात."

"म्हंजे भेव धरता तुमी."

"झाडाचं, नाल्याचं धरतो. दुसरं कुठलं असणार?"

देवरावने काठी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे चालू लागला.

सातव्या होलच्या उंचवट्यावर सगळे चढले. उरकुडेसाहेब खुशीत होते. "ठमाबाईले सकाळीच इकडं धाडलं. नाल्याकाठचं गवत लय माजलं होतं, पाहुन्यायसमोर बरं नाई दिसत."

"अहो, कापायचं नव्हतं," मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "रोज जसं असतं तसंच मोजायचं असतं आम्हाला."

पुढचं देवरावने ऐकलंच नाही. खाली नाल्याच्या काठाला निळं लुगडं दिसत होतं. चौदा बायांची म्होरकी ठमाबाई त्याच्याच गावची, त्याच्या मुलीच्या बाळंतपणात दोन रात्री उशाशी बसलेली बाई. ती कमरेत वाकून, पाठ रायमुनियाकडे करून विळा चालवत होती. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेवढ्यात वरच्या अंजनाच्या झाडावरून वानर खेकसलं, वाघ दिसला की खेकसतं तसं.

"ठमाबाई! उभी राय! वाघ हाये, उभी राय!"

तो उतारावरून पळत सुटला. काठी दगडांवर, बुंध्यांवर, जिथे लागेल तिथे आपटत होता. ठमाबाई ताठ उभी राहिली. तिच्या मागची झुडपं हलली, पिवळ्यावर काळे पट्टे एवढंच काहीतरी क्षणभर दिसलं, आणि वाघ काही घाई नसल्यासारखा नाला उतरून गेला. देवरावने तिचं मनगट धरून तिला ओढत वर आणलं.

क्लबच्या व्हरांड्यात ठमाबाईला पाणी दिलं. "हे नसते तर आज काय झालं असतं!" मॅडम म्हणाल्या. उरकुडेसाहेबांनी चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारली. ठमाबाईने त्याच्या पायाकडे हात नेला. "मव्हा जीव वाचवला भाऊ तुनं."

एवढं मात्र त्याला सोसवलं नाही. गप्प बसला असता तर कोणाला कळणार होतं? पण त्याने पाय मागे घेतला.

"नोको बाई. मले सकाळीच ठाऊक होतं. वाळूवर पंजे होते. म्या चटई फिरवली."

ठमाबाईने हातातला पेला खाली ठेवला.

"मी वाळू पायली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "आमी बाया रोज वाळू पाहूनच नाल्याकडं जातो. आज काईच नव्हतं. म्हणून तं वाकली."

देवरावला हे बावीस वर्षांत माहीत नव्हतं. आपली वाळू साहेबांच्या चेंडूसाठी, असंच तो समजत आला होता. त्याला वाटलं, तिने चार शिव्या घालाव्यात, थोबाडीत द्यावी. ती उठून इतर बायांकडे निघून गेली.

मॅडमनी वही मिटली. सहा होल मोजून झाले होते, तीन राहिले होते, आणि तेवढ्यावर आकडा निघत नाही. जाताना त्यांनी स्वतःच वनखात्याला फोन लावला. दुपारी शिपाई आले आणि फाटकाला कुलूप लागलं. उरकुडेसाहेबांनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, तेही देवरावने खाली मान घालून ऐकलं.

ऊन कलायच्या आत सगळे गावाकडे निघाले. जंगलातली तीन किलोमीटरची वाट. वाघ मागून येतो, म्हणून रांगेच्या शेवटी भरवशाचा माणूस लागतो, आणि इतकी वर्षं शेवटी देवराव चालत आला होता. बाया पुढे झाल्या तसा तो सवयीने मागे थांबला. ठमाबाई त्याच्याजवळ आली. तिने त्याच्या हातातली काठी घेतली. ओढली नाही, नुसती घेतली.

"तू मधात चाल, भाऊ. मांगं मी राहीन."

बायांनी मध्ये जागा करून दिली. देवराव त्या जागेत जाऊन उभा राहिला आणि रांग चालू लागली.