एउसेबियोच्या पेशी

आमच्याकडे नव्यानं आलेल्या ब्रिसानं बाटलीत लावलेल्या पेशी पहिल्या फटक्यात जगल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या गाठीतून काढलेल्या पेशी बाटलीत सहसा टिकत नाहीत. रोसारियो शहरातल्या आमच्या वैद्यकीय विद्यापीठात आजवर एकाच माणसाच्या टिकल्या होत्या, एउसेबियो नावाच्या बेकरीवाल्याच्या, आणि त्या टिकवल्या होत्या मी. माणूस गेला, पेशी वाढत राहिल्या. माझं सगळं नाव त्यांच्यावर झालं. दर वर्षी तो गेला त्या दिवशी त्याची बायको ओफेलिया मेदियालुनांचा, म्हणजे चंद्रकोरीसारख्या गोड पावांचा, गरम ट्रे घेऊन यायची, मला मिठी मारायची आणि विचारायची, "कसा आहे गं माझा म्हातारा?"

"मजेत आहे," मी सांगायची.

आणि आता ही कालची पोरगी! प्रोफेसर लुसार्दी तिच्या मायक्रोस्कोपवरून हलायला तयार नाहीत. नव्या प्रयोगशाळेचं प्रमुख कोण, हे ते लवकरच ठरवणार होते. ती खुर्ची माझी होती.

दुपारी सगळे माते, म्हणजे आमचा कडवट पाल्याचा चहा, पीत बसलो होतो. मी विषय काढला.

"फारच भराभर वाढतायत गं तुझ्या पेशी. स्वादुपिंडाच्याच आहेत ना? की दुसऱ्या कुठल्या हावरट पेशींचा थेंब पडलाय बाटलीत?"

असं होतं. काही जुन्या पेशी तणासारख्या असतात. चुकून एक थेंब पडला की मूळच्या पेशींना संपवून अख्खी बाटली बळकावतात, आणि नुसतं बघून ओळखू येत नाहीत.

ब्रिसाचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं.

"डीएनए तपासून घेऊ ना, दोक्तोरा," ती हळूच म्हणाली.

"घेऊच," मातेचा पेला माझ्याकडे सरकवत प्रोफेसर म्हणाले. "आणि नेलिदा, तुझ्याही पाठवू. उगाच पोरीलाच धारेवर धरलं असं नको."

"खुशाल पाठवा की!"

निकाल आला. ब्रिसाच्या पेशी तिच्याच रुग्णाच्या निघाल्या. माझ्या मात्र एउसेबियोच्या नव्हत्याच. माझ्या बाटलीत नुसतं तण होतं, कोण जाणे किती वर्षांपासून. एका वेळी एकाच रुग्णाच्या पेशी बाहेर काढायच्या, हा नियम भिंतीवर मीच लावलाय. पण तो नवशिक्यांसाठी. माझा हात बसलेला, मी वेगवेगळ्या पेशींच्या दोन-दोन बाटल्या शेजारी ठेवून काम करायची.

प्रोफेसर कागद टेबलावर ठेवून निघून गेले. ब्रिसा थांबली.

"दोक्तोरा, अगदी सुरुवातीला गोठवलेली एक नळी आहे अजून. त्यात एउसेबियो असतील. मी बघू का?"

तिनं टोमणा मारला असता तर परवडलं असतं. हा चांगुलपणा फार झोंबला. पण माझ्या बसलेल्या हातावर आता माझाच भरवसा नव्हता, म्हणून मी मान डोलावली.

त्यात तो होता. तिनं त्याला वाढवलं, तपासून खात्री करून घेतली. खुर्चीही तिलाच मिळाली.

मग ओफेलिया आली. हातात ट्रे, केस नीट विंचरलेले.

"कसा आहे गं माझा म्हातारा?"

"मजेत आहे," मी म्हणाले. "हल्ली ब्रिसाकडे असतो."

"ही होय ब्रिसा? अगं बाई, किती वाळलीस! जेवतेस की नाही?" ओफेलियानं ट्रे तिच्या हातात दिला आणि तिला घट्ट मिठी मारली.

मलाही एक मेदियालुना मिळाली. ब्रिसानं दिली.