उघड्या डोळ्यांचं ध्यान

अजिनाथने जिन्याखालच्या जाळीच्या दाराला कुलूप घातलं, चावी त्याच्या बायकोच्या, दिपालीच्या पर्समध्ये गेली, आणि त्या दिवसापासून म्हाळसाबाईने लेकाच्या घराला घर म्हणायचं सोडलं. ती त्याला कोंडवाडा म्हणायला लागली. तेही मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्याने, सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं.

कुलपाला कारण होतं, नाही असं नाही. आधी दूध करपलं. मग सुनेला तिने लेकीच्या नावाने हाक मारली. आणि एका सकाळी मेथी आणायला गेलेली बाई परत येताना भलत्याच गल्लीत शिरली. ओळखीच्या भाजीवाल्याने तिला घरी आणून सोडलं. अजिनाथने त्याच दिवशी कुलूप आणलं. आई हरवली तर, गाडीखाली आली तर, लोक काय म्हणतील. या तिन्ही भीती खऱ्या होत्या, आणि त्यातली तिसरी किती मोठी होती हे त्याचं त्यालाच ठाऊक.

म्हाळसाबाईची भीती मात्र कुणी विचारली नाही. तिचा सारा जन्म सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांत गेला होता. नवरा मायाप्पा वारला, मेंढरं विकली, आणि लेकाने तिला सोलापुरात आणलं. "आता आराम कर," तो म्हणाला. तिने केला, आणि तिथेच सगळं बिघडलं असं तिचं ठाम मत होतं. तिची थोरली जाऊ अशीच आरामाला बसली होती. घरच्यांनी मायेने एकेक काम तिच्या हातातून काढून घेतलं, आणि शेवटी पुढ्यातल्या ताटाचं काय करायचं हेही तिला सांगावं लागायचं. आपलंही तसंच होणार, ही म्हाळसाबाईची भीती होती.

डॉक्टर सोमशेखर यांनी तपासून सांगितलं होतं, "ही सुरुवात आहे. डोकं चालतं ठेवायचं तर आधी पाय चालते ठेवा. रोज फिरा, चार माणसांशी बोला, काहीतरी नवीन शिका. झोप नीट घ्या, मीठ कमी करा, बीपीची गोळी चुकवू नका. आणि सकाळी थोडं ध्यान करा." अजिनाथने मान डोलावत सगळं ऐकलं आणि त्यातलं सोयीचं तेवढं घरी आणलं. गोळ्या आल्या, अळणी आमटी आली, ध्यान आलं. फिरणं आणि माणसं दाराबाहेर होती, ती बाहेरच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर बासरी लावली. "आई, डोळे मीट आणि ध्यान कर."

"डोळं मिटून कसलं रं ध्यान?" म्हाळसाबाई म्हणाली. "मेंढरांवर ध्यान ठिवताना डोळं मिटलं असतं तर लांडग्यानं समदा कळप न्हेला असता. ध्यान म्हंजी डोळं उघडं लागत्यात."

"ते ध्यान वेगळं गं, हे वेगळं."

"मग ह्ये तुझं तूच कर. रातभर त्या मोबाइलात डोळं घालून बसतूस, सकाळी भजी खातूस. जरा तुझ्या डोक्याची बी काळजी घे की!"

दिपाली हसू दाबत स्वयंपाकघरात गेली. अजिनाथने बासरी बंद केली.

मग म्हाळसाबाईने आपलं ध्यान सुरू केलं. रोज सकाळी ती जाळीच्या आत, शेवटच्या पायरीवर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची. "कुटं निघालीस गं? बाजारला व्हय? जा बाई, जा. मला न्हाय येता येत. म्या कोंडवाड्यात हाय. दंड भरल्याबिगर सुटका न्हाय, आन आमचं मालक हापिसात गेल्यात."

गल्ली खो खो हसायची. दिपाली दुकानात गेली की लोक तिला विचारायला लागले, तुमच्या सासूबाई सुटल्या का? शेवटी तिने चावी नवऱ्यापुढे आपटली. "हे मला नाही जमत. आईंना फिरवा म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं मीसुद्धा ऐकलंय."

अजिनाथने चावी खिशात घातली आणि आईपुढे अट ठेवली. रविवारी एकटीने जायचं, मेथीची जुडी घेऊन एकटीने परत यायचं. आली तर कुलूप निघेल. चुकली तर कुलूप राहील, आणि पायरीवर बसून ओरडणं बंद.

"ठरलं," म्हाळसाबाई म्हणाली.

रविवारी ती गेली. तो घरीच थांबतो म्हणाला आणि थोडं अंतर ठेवून मागे निघाला. तिने मेथी घेतली, घासाघीस केली, वर कोथिंबीर मागून घेतली. परतीला मात्र ती पुन्हा त्याच भलत्या गल्लीत शिरली. थोडं चालून थांबली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आईच्या चेहऱ्यावर भीती अजिनाथने आजवर कधी पाहिली नव्हती. ती आज पाहिली, आणि पैज जिंकल्याचं त्याला मुळीच बरं वाटलं नाही. तो पुढे व्हायला निघाला.

तेवढ्यात तिने जुडी काखेत मारली आणि समोरच्या पायरीवर विड्या वळत बसलेल्या तेलुगू बाईकडे गेली. "बाई, म्या वाट चुकले. शुक्रवार पेठंला कुटनं जायाचं?" त्या बाईने हाताने देऊळ दाखवलं, तिथून वळा म्हणाली, आणि प्यायला पाणी दिलं.

"तुमच्यात पान्याला काय म्हंत्यात?"

"नीळ्ळू."

"नीळ्ळू," म्हाळसाबाईने घोकलं, तांब्या रिकामा केला आणि वळली. खांबाआड लेक उभा होता.

"ये की म्होरं!" ती कडाडली. "मागनं चालतुया त्यो मेंढक्या. म्या मेंढरू न्हवं."

"आई, तू चुकलीस. आपलं ठरलं होतं."

"चुकले की. चुकले, भ्याले, इचारलं, आन एक सबूद शिकले. कुलपात बसून ह्यातलं काय झालं असतं?"

"आणि उद्या घरच विसरलीस तर?" अजिनाथ ओरडला. "माझं नाव विसरलीस तर?"

म्हाळसाबाईने काखेतली जुडी सावरली. याच प्रश्नाने तिचीही झोप उडत होती. मग तिने मान वर केली.

"इसरले तर तू सांग. परत इसरले तर परत सांग. कुलूप सांगणार हाय व्हय मला तुझं नाव?"

अजिनाथने डोळे पुसले, खिशात हात घातला आणि चावी तिच्या हातावर ठेवली. तिने ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"आता शेजारनं चाल. आन पाय उचल जरा. डॉक्टरनं सांगितलेलं तुलाबी लागू हाय."

दोघं देवळापाशी आली. तिथे रस्ता दोन्हीकडे फुटत होता. म्हाळसाबाई थबकली. अजिनाथने उजवीकडे दाखवायला हात उचलला.

"थांब," ती म्हणाली. "सांगू नगं. ध्यान लावलंय म्या."

तिचे डोळे टक्क उघडे होते. अजिनाथने हात खाली घेतला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. त्याला घाई नव्हती.