अर्धा चमचा

चंदनबालाकाकीचं पाणी गाळणं माणसानं एकदा तरी बघावं असं होतं. घागरीच्या तोंडावर दुहेरी धुवट फडकं, त्यावर सावकाश सोडलेली धार. घागर भरली की फडकं बादलीवर उलटं धरून वरून गाळलेलं पाणी सोडायचं, म्हणजे फडक्याला चिकटलेले बारके जीव बादलीत उतरतात. मग ती बादली दोरानं विहिरीत सोडून, पाण्याला टेकवून, अलगद पालथी करायची. वरून ओतायचं नाही. जीव आपटतात. गुडघे धरलेली म्हातारी दोर सोडत वाकलेली बघून सून राजमती म्हणायची, "अव्वा, सरा, मी करते की." उत्तर ठरलेलं असायचं. "नगं. तू वरनं वततीस."

आता कुणी म्हणेल, म्हातारी खुळी होती. खुळी बिळी काही नव्हती हो! नवरा गेल्यावर तासगावजवळची ती द्राक्षबाग तिनं उभी केली, पोराला, गोमटेशला, शेतकी कॉलेजात घातलं, बेदाण्याचं शेड बांधलं. बेदाण्याचा भाव सांगताना समोर कितीही मोठा व्यापारी असला तरी तिची पापणी हलायची नाही. तिचं फक्त एकच होतं. आपल्या हातानं जीव जायला नको. गोमटेश बागेवर टाक्याच्या टाक्या औषध मारायचा, ते काय तिला दिसत नव्हतं? दिसत होतं. पंप सुरू झाला की ती घरात येऊन दार ओढून घ्यायची आणि माळ घेऊन बसायची. "ते पाप तुझ्या पदरात," म्हणायची, "आन थोडं माझ्याबी. पर माझ्या हातानं न्हाई."

झिपरी त्या घरात आली ती शेडवरच्या कामकऱ्यांच्या मागून. कामकरी गेले, कुत्री राहिली. गोमटेशच्या लेकीनं, दर्शूनं, तिला सोडलंच नाही. दर्शूचं खरं नाव प्रियदर्शनी, पण एवढं मोठं नाव घेऊन त्या पाच वर्षांच्या चिमुरडीला हाक कोण मारणार? घरात एकुलती एक, आज्जीचा जीव की प्राण. झिपरीला भाकरी आज्जी घालायची आणि शेजारी बसून गप्पा दर्शू मारायची. पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर झिपरी शेडच्या कोपऱ्यात व्याली, आणि मग तर पोरगी जेवायलासुद्धा घरात येईना.

त्याच दिवसांत पलीकडच्या गावात पिसाळलेलं कुत्रं चावून एक माणूस गेला. सगळ्या भागानं धसका घेतला. सरकारी दवाखान्यानं देवळापुढं कुत्र्यांना सुई टोचायचं शिबिर लावलं. चंदनबाला झिपरीच्या गळ्यात दोरी बांधून गेली, आणि दर्शूनं हट्ट करून पिल्लं पाटीत घालून बरोबर आणली.

जनावरांचा डॉक्टर मानसिंग म्हणून होता, औंधाकडचा. तोंडानं फटकळ, कामाला वाघ.

"ह्या सुईनं कुत्रं पिसाळत न्हाई न्हवं?" म्हातारीनं विचारलं.

"न्हाई मावशी."

"आन कुणी मरत न्हाई?"

"मरतंय कशाला? उलट कुत्रंबी वाचतंय आन माणूसबी."

"मग टोच बाबा."

झिपरीला सुई बसली. मानसिंगचं लक्ष पाटीकडं गेलं. त्यानं एक पिल्लू उचललं, पोटावर बोट वाजवलं.

"ही पोटं बघितली का? पार ढोलकी झाल्यात. दुधानं न्हवं, जंतानं. आईच्या पोटातनंच घेऊन येत्यात ही." त्यानं पेटीतून औषधाची बाटली काढून तिच्या हातात दिली. "एकेकाला अर्धा अर्धा चमचा पाजा. पंधरा दिवसांनी परत. झिपरीचं मी येगळं देतो. गोड असतंय, चाटून खात्यात. आन दुसऱ्या दिवशी बघा मावशी, शेवयांसारखे गुच्छेच्या गुच्छे मरून पडत्यात!"

बिचाऱ्यानं औषधाची तारीफ म्हणून सांगितलं. पण म्हातारीच्या हातातली बाटली एकाएकी जड झाली.

"मरून?"

"मग? त्यासाठीच औषध."

"आवं, ह्येची सुई न्हाई का? ह्या पिसाळायच्या सुईसारखी? आदीच टोचायची, म्हंजे यायचेबी न्हाईत आन मरायचेबी न्हाईत."

मागं रांगेत उभी असलेली माणसं हसली. मानसिंग हसला नाही. "न्हाई मावशी. जंतांची लस अजून कुणी काढलेली न्हाई. औषधच पाजाय लागतं. आन पोरीला जपा. हे माणसालाबी लागतंय, बारक्या पोरांना तर लय."

घरी आल्यावर तिनं बाटली गोमटेशपुढं ठेवली आणि सरळ सांगितलं, हे माझ्याच्यानं होणार नाही. गोमटेश वैतागला. "अव्वा, जंत हायत ते! तुला आन मला काय त्येंचं?" तिनं बाटली त्याच्याकडं आणखी सरकवली. तो समजला, आता डोकं आपटून उपयोग नाही. "ठेव फडताळात," म्हणाला, "मी पाजतो रविवारी."

रविवारी आभाळ भरून आलं. अवकाळी पाऊस झाला, बागेवर करपा आला, आणि गोमटेश दिवसभर बागेत फवारत फिरायला लागला. त्याच्या नाकी नऊ आले होते. बाटली फडताळात राहिली. राजमतीला वाटलं नवऱ्यानं पाजलं असेल. म्हातारीला माहीत होतं पाजलं नाही. तिनं आठवण केली नाही. कशाला करेल? टळलं तेवढं बरंच, असं तिला वाटलं. हे तिला नंतर फार टोचलं.

पण जपायचं म्हणून तिनं जपलं हो. पिल्लं घरापासून लांब ठेवली. दर्शूचे हात साबणानं घासघासून इतके धुवायची की पोरगी ओरडायची. शेड रोज स्वतः झाडायची, मऊ झाडूनं. एकदा झाडताना तिला पिल्लांच्या घाणीत ते दिसले, पांढरे, वळवळणारे, खरंच शेवयांसारखे. तिला किळस आली आणि दयाही आली. उकिरड्यावर टाकावं तर उन्हात तडफडून मरतील. मग तिनं ती सगळी घाण सुपलीत घेतली, शेडमागच्या पेरूच्या झाडाखाली, जिथं धुण्याचं पाणी मुरून माती कायम गार असायची, तिथं नेली आणि सुपली मातीला टेकवून अलगद खाली सोडली. बादली विहिरीत सोडावी तशी. मग रोजच तसं करू लागली. हे केल्यावर तिला फार बरं वाटायचं.

पिल्लं मोठी झाली, लोकांनी नेली. द्राक्षं उतरली. मार्च महिन्यात शेडमध्ये बेदाणा वाळायला पडला, बायका निवडायला बसल्या, आणि दर्शूनं आपली भातुकली पेरूच्या झाडाखाली मांडली. कारण सरळ होतं. लाडू वळायला तिथली माती ओली मिळायची. ती लाडू वळायची, आज्जीला एक द्यायची, आज्जी खोटंखोटं खायची. दर्शू मात्र जरासा खराखरा चाखून बघायची. चाखल्याशिवाय गोड झालाय का नाही ते कळणार कसं?

पाऊस सुरू झाल्यावर एक दिवस ती आज्जीच्या मांडीवर बसली होती. तिनं तळव्यानं एक डोळा झाकला आणि खुदकन हसली.

"आज्जी, ह्यो डोळा झाकला की तू जातीस."

"कुठं जाते गं मी?"

"जातीस. आन काढला की येतीस."

म्हातारीनं पोरीचा मुका घेतला. खेळच तो! पुढं बरेच दिवस त्या दोघी तो खेळ खेळत होत्या. गेली, आली. गेली, आली. राजमतीला पोरीची नजर तिरळी वाटायला लागली, तेव्हा कुठं तिला एसटीत घालून सांगलीला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरांनी बत्ती मारून बघितलं, परत बघितलं. डोळ्याच्या आत मागं काहीतरी पांढरं होतं. गाठ असली तर डोळाच काढावा लागेल, म्हणाले. मग मिरजेला तपासण्या, रक्त, सोनोग्राफी. त्या दिवसांत घरात चूल पेटली काय आणि नाही काय. म्हातारी एकभुक्त राहिली, देवापुढून हलेना. शेवटी डॉक्टरांनी म्हातारीसकट तिघांना समोर बसवलं. गाठ नाही, म्हणाले. जीवाला धोका नाही. राजमती रडायलाच लागली, सुटकेनं. मग त्यांनी विचारलं, "घरात कुत्र्याची पिल्लं होती का?"

पिल्लांच्या घाणीतून जंतांची अंडी मातीत पडतात, त्यांनी सांगितलं. ओल्या, सावलीतल्या मातीत ती महिनोन्महिने जगतात. पोरं ती माती तोंडात घालतात. पोटातून तो बारका जंत अंगभर फिरतो आणि कधी एखादा वाट चुकून डोळ्यात जाऊन बसतो. आतला पडदा सुटलाय. ह्या डोळ्याची नजर आता येणार नाही. दुसरा चांगला आहे, तो जपा. कुत्री असेल तर तिला हाकलू नका, तिला आणि पुढच्या पिल्लांना वेळच्या वेळी जंताचं औषध पाजा.

चंदनबालाला बाकी काही कळलं नसलं तरी "ओली, सावलीतली माती" एवढं तिला नीट कळलं. आपण काय केलं ते तिनं तिथंच, डॉक्टरांपुढं, सांगून टाकलं. पेरूचं झाड, सुपली, सगळं. गोमटेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. फडताळातली बाटली पाजायचं त्यानंच कबूल केलं होतं ना! राजमतीनं सासूकडं नुसतं बघितलं, आणि पोरीला उचलून ती बाहेर गेली.

राजमती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणी गाळायला तीच जायला लागली. फडकं धुवायची, आणि बादली काठावरूनच विहिरीत उलटी करायची. धप्पकन आवाज यायचा. ओसरीवर बसलेल्या म्हातारीला तो रोज ऐकू यायचा.

भाद्रपदात पर्युषण झालं. शेवटी क्षमावणीला सगळे एकमेकांना हात जोडतात, वर्षभराचं चुकलंमाकलं पोटात घाला म्हणतात. चंदनबाला दरसाल आधी सगळ्या जीवांची क्षमा मागायची, मग माणसांची. त्या वर्षी ती आधी सुनेपुढं जाऊन उभी राहिली. हात जोडले. राजमतीनंही हात जोडले. "उत्तम क्षमा," म्हणाली, गल्लीतल्या कुणालाही म्हणावं तसं, आणि आत निघून गेली.

दिवाळी झाली आणि झिपरी पुन्हा व्याली. गोमटेशचं डोकं फिरलं. आई-पिल्लं पोत्यात घालून येरळा नदीपल्याड सोडून येतो म्हणाला. दर्शूनं असा हंबरडा फोडला की त्याच्या हातातलं पोतं गळालं. पिल्लं राहिली. त्यांची पोटं फुगायला लागली.

म्हातारीनं कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. काठी घेतली आणि चालत जनावरांच्या दवाखान्यात गेली. मानसिंगच्या कानावर सगळं आलेलं होतं. एरवी बडबडणारा तो माणूस त्या दिवशी खाली बघून बाटली पुसत राहिला. "किती पाजायचं ते ध्यानात हाय न्हवं मावशी?" एवढंच म्हणाला.

"हाय रं बाबा," ती म्हणाली. "ते कसं विसरंन मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात फतकल मारून बसली. राजमती दारात येऊन उभी राहिली. म्हातारीनं एक पिल्लू मांडीवर घेतलं, चमच्यात औषध ओतलं. पहिला चमचा लुगड्यावरच सांडला. सवयीनं ओठ जपाला हलले, आणि तिला त्याची लाज वाटली. उद्या हे सगळे मरून पडणार होते आणि मारणारी ती होती. तिनं ओठ मिटले, दुसरा चमचा भरला आणि पिल्लाच्या तोंडाशी धरला. पिल्लानं तो लपालपा चाटून साफ केला आणि शेपूट हलवली.

दर्शू शेजारी उकिडवी बसली होती. चांगल्या डोळ्यानं नीट दिसावं म्हणून मान तिरकी करून बघत होती. तशी मान करायची तिला आता सवयच झाली होती.

"आज्जी, एवढंच?"

"काय एवढंच?"

"औषध. एवढंच पाजायचं हुतं?"

दारात उभी असलेली राजमती तोंडाला पदर लावून आत वळली.

"व्हय गं बाळा," चंदनबाला म्हणाली. "एवढंच हुतं."

आणि तिनं दुसऱ्या पिल्लाला हात घातला.