सुअटा कुणी धुवायचा

मुलाने पसरलं तर आवरायचं कुणी? तुम्हीच सांगा. ज्याने पसरलं त्याने, असं मी म्हणते, आणि माझी लाकडं मसणात जाईपर्यंत तेच म्हणेन. इंदुमतीवहिनी म्हणायच्या, ज्याला त्यासाठी ठेवलंय त्याने. एवढ्याशा गोष्टीवरून आम्ही दोघी एका घरात विळ्याभोपळ्यासारख्या वागलो.

मी दुर्गा, झाशीचीच. आमचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी बोलतो, पण भाजीवाल्याशी, टांगेवाल्याशी हिंदी, आणि भांडायला लागलो की बुंदेली. त्यामुळे आमची मराठी जरा खिचडीच असते. नवरा गेल्यावर मी शहरात भावाकडे, गोपाळरावांकडे राहू लागले. त्यांनीच एक दिवस निरोप आणला की रेल्वे कॉलनीत भुसावळहून बदलून आलेले इंजिनांच्या शेडचे एक फोरमन साहेब आहेत, विद्याधर नावाचे, त्यांना आणि त्यांच्या बायकोला, इंदुमतीवहिनींना, मुलीसाठी मराठी बाई हवी आहे. तेव्हा इंजिनं कोळशावर चालायची आणि कॉलनीत वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत करडं व्हायचं.

मुलगी म्हणजे कांचन, सात वर्षांची. एकटी. आजूबाजूच्या बंगल्यांत मद्रासी नाहीतर बंगाली, त्यांची मुलं शिकायला बाहेरगावी. मागच्या लाईनीत रेल्वेचे खलाशी, रूळ बदलणारे पॉइंट्समन यांच्या पोरींची ही गर्दी, पण वहिनी तिला तिकडे जाऊ देत नसत. पोरगी व्हरांड्यात बसून उशीला पत्र लिहायची. खोटं नाही सांगत. "प्रिय उशी" म्हणून सुरुवात.

मी पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं. पोरीला न्हाऊ घालीन, जेवू घालीन, गोष्टी सांगीन, अभ्यासाला बसवीन. झाडूपोछा करणार नाही, त्याला तुमची झाडूवाली सकाळी येतेच. वहिनींनी मान हलवली. मोठ्या घरच्या बायका मान हलवतात त्याचा अर्थ हो असतो की नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.

एकदा काय झालं, कांचनने बैठकीच्या खोलीत कणकेचं यार्ड मांडलं. डब्यातली अख्खी कणीक. जमिनीवर कणकेचे रूळ, पितळी डबे म्हणजे इंजिनं, पाट म्हणजे फलाट. एक पाट झाशी, एक मऊरानीपूर. मी जपमाळ घेऊन बाजूला बसले होते, आणि पोरगी इतकी रमली होती की मला थांबवावंसं वाटलं नाही. साहेब घरी आले, हसले, "वा, हे तर आपलंच यार्ड," म्हणाले आणि बूट घालून मऊरानीपूरवरून चालत जाऊन खुर्चीत बसले, चहा मागवला. बापाचं काम संपलं. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, मी शेडमध्ये एवढी माणसं सांभाळतो, घरात तुम्ही दोघी काय ते बघा. न विचारताच म्हणायचे ते.

मी कांचनला सांगितलं, चल बाळा, आता गाड्या शेडमध्ये आणि रूळ सुपात. तिने हसत हसत केरसुणी घेतली. अर्धं आवरलंही. तेवढ्यात वहिनी आल्या आणि तिच्या हातातून केरसुणी अशी हिसकली की पोर घाबरून मागे सरली. माझी मुलगी झाडू मारायला जन्मली नाही, म्हणाल्या. तिने खेळायचं, तुम्ही आवरायचं. मी म्हटलं, ठरलं नव्हतं तसं. त्या म्हणाल्या, मग तुम्ही दिवसभर बसून करता काय, आमची मराठी सुधारता? आणि तिथेच माझ्या स्वयंपाकघराला 'चौका' म्हणण्यावर, खाटेला 'खटिया' म्हणण्यावर एक व्याख्यान. अहो, मराठीसाठीच मला आणलं ना? की नाक मुरडायला काहीतरी हवं म्हणून आणलं?

मी केरसुणी उचलली नाही. त्यांनीही उचलली नाही. ती कणीक रात्रभर तशीच राहिली आणि सकाळी झाडूवालीने तोंडाचा पट्टा चालवत काढली. घरात मुंग्या झाल्या. त्याचाही दोष माझ्याच माथी.

हे असं चाललं होतं, आणि नवरात्र आलं.

आता झाशीत नवरात्रात काय होतं, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगावं लागतं. लग्न न झालेल्या पोरी भिंतीवर मातीचा एक राक्षस करतात. त्याला सुअटा म्हणतात. डोळ्यांना कवड्या लावतात. रोज पहाटे त्याच्यापुढे रंगाचे चौक, म्हणजे रांगोळ्या, भरतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी आपणच त्याला मोडतात. मोडायचा दिवस येईस्तोवर मात्र त्याला कुणी हात लावायचा नाही. लावला तर पोरींचं व्रत बुडालं, आणि ज्या घरच्या माणसाने लावला त्या घरच्या पोरीला पुढे कुणी खेळात घेत नाही. मीही लहानपणी खेळलेय. आई कुरकुरायची की हे आपलं नाही, पण कुरकुरत कवड्या काढून द्यायची.

त्या वर्षी मागच्या लाईनीतल्या पोरींना जागा नव्हती. त्यांच्या चाळीच्या भिंती पडायला आल्या होत्या. त्यांची म्होरकी गेंदा, पॉइंट्समनची पोर, मोठी धीट. तिने येऊन मला विचारलं की बंगल्याची मागची भिंत मिळेल का, नळाजवळची. मी म्हटलं, मिळेल, पण एका अटीवर. आमची कांचनही खेळेल.

होय, मी परस्पर दिली ती भिंत. वहिनींना विचारलं असतं तर मिळाली असती? नळाकडे त्या फिरकत नसत, तिकडे भांडीवाली आणि मीच. आणि मला ती पोर रोज उशीला पत्र लिहिताना बघवत नव्हती. मी मुद्दाम पहाटे लवकर यायला लागले. वहिनी देवघरात घटापुढे पोथी वाचत असायच्या, आणि मागच्या बाजूला त्यांची लेक कोपरापर्यंत चिखलात.

पोरीत काय फरक पडला म्हणता! विटांची भुकटी लाल, चुना पांढरा, लोको शेडची राख काळी. चौक भरताना जीभ बाहेर काढायची. गेंदाने तिला सुअट्याचा डावा डोळा लावायला दिला, तर दिवसभर मला विचारत होती, माझा डोळा नीट बसलाय ना, पडणार नाही ना. पोटभर जेवायला लागली. आणि खेळ झाला की गेंदा सगळ्यांकडून नळाजवळची फरशी धुऊन घ्यायची, त्यात ही पण खराटा घेऊन पुढे. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

पंचमीला वहिनींनी हळदीकुंकू ठेवलं होतं. कॉलनीतल्या सगळ्या साहेबांच्या बायका, वरिष्ठ साहेबांची बायको सुद्धा. दुपारी त्यांनी कुंकवाचे करंडे काढले तर दोन्ही रिकामे. हळदीचा डबा अर्धा. पोरींना पिवळा आणि गडद लाल रंग कुठे मिळेना, म्हणून कांचनने आपल्या घरचा नेला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. देवघरापासून मागच्या दारापर्यंत बोटांचे लाल ठसे. त्या ठशांमागून वहिनी नळापाशी आल्या, आणि समोर तो पुरुषभर मातीचा राक्षस, कवड्यांचे डोळे वटारून.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला बोलावलं. म्हणाल्या, माझ्या घरात घट बसलेत आणि दारात तुम्ही राक्षस बसवलात? हे धुवा. आत्ता. बायका येतील.

मी म्हटलं, मी धुणार नाही. हे पोरींचं व्रत आहे, मधे हात लावायचा नसतो. तुमच्या घटातही मातीच आहे, ती कुणी ओतून दिली तर चालेल का तुम्हाला?

त्या म्हणाल्या, माझा घट आणि हे घाणेरडं सोंग, दोन्ही एकच? चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या घरचं खाऊन माझ्या मुलीला चिखलात लोळवलंत, चोरी शिकवलीत, आणि आता मला शास्त्र सांगता? मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, चिखलात लोळली म्हणून तुमची मुलगी गेले चार दिवस हसतेय, तुमच्या लक्षात तरी आलं का? आणि म्हटलं, घाबरू नका, कुणाला आवरायला बोलवावं लागणार नाही. माझा एकच कायदा, ज्याने पसरलं त्याने आवरावं. दिवस भरले की पोरी स्वतः मोडतील, स्वतः धुतील, तुमची भिंत आरशासारखी करून देतील.

वहिनींनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. कसलं पटतंय! त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "कांचन, बाहेर ये."

पोर आली. परकर पोलकं घातलेलं, वेणीत शेवंती, हळदीकुंकवासाठी नटवलेली. वहिनींनी नळाखालची भरलेली बादली उचलून तिच्या पुढ्यात ठेवली.

"हे तू केलंस ना? मग तूच धू. दुर्गाबाईंचा कायदा आहे, ज्याने पसरलं त्याने आवरावं."

नेमक्या त्याच वेळी गेंदा आणि तिच्या मैत्रिणी फाटकाशी आल्या. सुअट्याला तडे गेले होते, ते बुजवायला ओली माती आणली होती त्यांनी. त्या तिथेच उभ्या राहिल्या, हातातले मातीचे गोळे तसेच.

कांचनने आईकडे पाहिलं, मग पोरींकडे, मग माझ्याकडे. बादलीच्या कडीला हात घातला. तिला ती उचलवेना. ओठ असे घट्ट मिटलेले, आणि डोळे त्या डाव्या कवडीवर. वहिनी म्हणाल्या, "चल, लवकर." ज्या बाईने पोरीच्या हातातली केरसुणी हिसकावली होती, ती बाई. कांचनने फक्त एक तांब्याभर पाणी त्या भिंतीवर टाकलं असतं, तरी संपलं होतं. त्या पोरींनी तिला पुन्हा उंबऱ्याशीही उभं केलं नसतं, आणि मागे उरली असती ती उशी.

माझा हट्ट मोठा की पोरीचं सुख मोठं? मला विचार करायला वेळही नव्हता. मी पुढे झाले, तिच्या हातातून बादली घेतली आणि सुअट्याच्या तोंडावरच ओतली. दुसरी भरली, ओतली. माती सोडत नव्हती, तेव्हा हाताने खरवडली. कवड्या खाली पडल्या. चौकातली हळद, कुंकू, राख सगळं एक होऊन पायरीवरून वाहू लागलं. वहिनी जिंकल्या होत्या, त्यांना सांगायची गरज नव्हती.

गेंदा म्हणाली, "पाप लगेगा, बऊ." पोरी मला आईसारखं बऊ म्हणायच्या.

"मुझे लगेगा," मी म्हटलं. "मैंने मिटाया है, और मैं इस घर की नहीं. हमारी बिटिया ने छुआ तक नहीं, तुम सबने देखा है. इसे साथ ले जाओ, पंप-घर की दीवार पर दूसरा बना लो."

पोरींचं आपसांत काहीतरी बोलणं झालं. एकीने माझ्याकडे पाहून जमिनीवर थुंकलं. मग गेंदाने कवड्या गोळा केल्या, परकराला पुसल्या आणि कांचनला हात केला. मी मनात म्हटलं, देवा, वाचलं पोर. मला शिव्या बसोत, मला कुठे त्यांच्यात खेळायचंय?

कांचन तिच्याकडे निघाली. वहिनींनीही अडवलं नाही. मागची घाण गेली होती, बायका यायच्या होत्या, पोरगी कुठे जाते याच्याशी त्या घडीला त्यांना देणंघेणं नव्हतं. कांचन परकर वर धरून घाण पाण्यातून जपून पाय टाकत फाटकापर्यंत गेली. तिथे थांबली. पोरींच्या देखत मागे वळली, आणि आईची तीच हनुवटी, तोच आवाज.

"पायरीवर चिखल राहिलाय, दुर्गाबाई. तोही धुवा."

पोरी हसल्या. गेंदा नाही हसली, बाकीच्या हसल्या. कांचनही त्यांच्याबरोबर हसली आणि त्या सगळ्या पंप-घराकडे पळाल्या. वहिनी केव्हाच आत गेल्या होत्या, करंडे पुसायला.

मला राग आला. सात वर्षांच्या पोरीचा मला मनापासून राग आला, तिच्या आईचा कधी आला नव्हता एवढा. केरसुणी कोपऱ्यात होती. समोरच्या दारी टांगा थांबल्याचा आवाज आला, पहिल्या बायका उतरत होत्या. मी पदर खोचला आणि पायरी धुतली.