पाठुंगळीला

"आमच्या वेळी सकाळी घराबाहेर पडलो की अंधार पडेपर्यंत कोणी हाक मारायचं नाही," दाल्सू माईकवर सांगत होता आणि मी बाजूच्या तंबूत मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होते. माशाच्या वड्यांचं सूप उकळायला लागलं होतं. डाव जरा जास्तच जोरात फिरला आणि थोडं सूप गॅसवर सांडलं. शेजारी कांद्याची पात चिरत बसलेली ओकबुन मान वर न करता म्हणाली, "पिल्नाम, भावावरचा राग सुपावर काढू नकोस."

ओकबुन माझ्याच वयाची, पंच्याहत्तरची. आम्ही एकाच गल्लीत वाढलो, एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं भात शिजवला. तिच्यापासून काही लपवायची सोय नाही.

माईकवर होता तो माझा धाकटा भाऊ. तालुक्याच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केली, तेव्हा कोणी त्याचं ऐकून घेतलं नाही. निवृत्त झाल्यापासून कुठे माईक दिसला की त्याचे हात शिवशिवतात. आज तर त्याचाच दिवस होता. आमच्या गावात डिसेंबरात कापणी झालेल्या एका भातखाचरात पाणी सोडून ठेवतात. ते गोठलं की त्यावर बर्फगाड्या. शहरातल्या शाळेने तिसरीच्या बावीस मुलांना 'आजोबांच्या वेळचे खेळ' दाखवायला आणलं होतं. आजोबा म्हणून दाल्सू. सुपाला मी.

त्या बावीस गाड्याही त्यानेच केल्या. पंधरा दिवस मागच्या खोपटात खपत होता. बसायला फळी, फळीखाली दोन पट्ट्या, पट्ट्यांना जाड तार, आणि ढकलायला टोकाला खिळा ठोकलेल्या दोन आखूड काठ्या. वहिनी गेल्यापासून त्याचं दुपारचं जेवण माझ्याकडून जातं. एरवी मी डबा दारात ठेवून वळते. ते पंधरा दिवस मात्र मी खोपटात थांबायचे. गाडी पुरी झाली की तो ती जमिनीवर हाताने पुढे-मागे ओढून बघायचा. मी विचारायचे, "घसरते का नीट?" तो म्हणायचा, "पोरांना पुरेल." मग दुसरी फळी घ्यायचा.

'बसून बघ, ताई' एवढं तो एकदाही म्हणाला नाही. आणि पंच्याहत्तर वर्षांच्या बाईने आपल्या तोंडाने ते कसं मागायचं? बाविसावी गाडी झाली त्या दिवशी मी डबा ठेवला आणि न थांबता घरी आले. रात्रीचं जेवण काही गेलं नाही.

माझ्या नावाचा अर्थ 'आता नक्की मुलगाच'. मी जन्मले तेव्हा आईबाबांनी नाव ठेवलं ते माझ्यासाठी नव्हतंच, पुढच्यासाठी होतं. तो पुढचा यायला सहा वर्षं लागली. आला, आणि चाळीस दिवसांत माझ्या पाठीवर आला. आई बाजारात टोफू विकायला बसायची, बाबा रस्त्याच्या कामावर. रुंद दुलईसारखं कापड असतं, पोदेगी म्हणतात. ते बाळाभोवती गुंडाळायचं, पट्टे आपल्या छातीवरून फिरवून पोटाशी गाठ मारायची, आणि दोन्ही हात मागे नेऊन बाळाच्या ढुंगणाखाली बोटांत बोटं अडकवायची. म्हणजे ते खाली घसरत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सहाव्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत.

हिवाळ्यात सगळं गाव याच खाचरावर असायचं. मी बांधावर. आणखी दोघी-तिघी असायच्या माझ्यासारख्या, पाठीवर भावंडं घेतलेल्या. पाय आपटत उभ्या राहायच्या, फार तर ओणवून सागरगोटे खेळायच्या, तेसुद्धा बाळ झोपलं असेल तर. दाल्सू मुतला की पाठ आधी गरम व्हायची आणि मग गारठायची. ओकबुनच्या पाठीवर कोणी नव्हतं, ती शेंडेफळ. ती तिच्या दादाच्या गाडीवर बसून समोरून सूं करून जायची आणि मला हात करायची. तिला वाटायचं, मला गंमत वाटते. एकदा तिची गाडी उलटली आणि तिचं नाक फुटलं, तर मला इतकं बरं वाटलं होतं. हे मी तिला मागच्या वर्षी सांगितलं. ती म्हणाली, मला ठाऊक होतं.

तर माईकवरचं भाषण. दाल्सू सांगत होता की ते सगळे मित्र नदी ओलांडून पलीकडच्या डोंगरात जायचे, चोरून रताळी भाजायचे, मोजे वाळवताना जाळायचे. आजच्या मुलांची त्याला फार कीव येत होती. मुलं समोर ओळीने बसली होती. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना गाद्या, अंगात नंबराचं पिवळं जाकीट. प्रत्येकाच्या मनगटावर एक घड्याळ, त्यातून आईला कळतं म्हणे मूल कुठे आहे ते. प्यो बाई, त्यांच्या शिक्षिका, गळ्यात शिटी आणि हातात पालकांच्या सह्यांचे कागद घेऊन उभ्या होत्या. प्रत्येकाला दोन फेऱ्या, मग सूप, मग अडीचला बस. साडेतीनपासून कोणाचं गणित, कोणाचा पियानो.

भाषण चालू असतानाच चौदा नंबरच्या मुलीच्या घड्याळातून तिच्या आईचा आवाज आला. मोजे ओले झाले का? नाही झाले. झाले तर बॅगेत दुसरे आहेत, निळ्या पिशवीत. माहितेय. मुलीने घड्याळावर हात दाबून धरला आणि लाजून इकडेतिकडे बघितलं. दाल्सूला आयतंच सापडलं. "बघा," तो म्हणाला, "आम्हाला असं विचारणारं कोणी नव्हतं." मोठी माणसं हसली. प्यो बाईसुद्धा हसल्या, जरा ओशाळल्यासारख्या.

मी हसले नाही. खरं सांगायचं तर माझ्या पोटात दुखत होतं, आणि दोन्हीकडून दुखत होतं. ज्याला कोणी काही विचारलं नाही त्याचा मला हेवा वाटत होता. आणि जिच्या आईने निळ्या पिशवीत दुसरे मोजे घातले होते तिचाही. मला मोकळं कोणी सोडलं नाही, आणि माझे मोजे ओले आहेत का हेही कोणी विचारलं नाही. पातेल्यावर झाकण ठेवायचं ते मी आपटलंच.

मग प्रश्न विचारायला सांगितले. त्याच चौदा नंबरने हात वर केला.

"आजोबा, मग तुमच्यावर लक्ष कोण ठेवायचं?"

"कोणीच नाही," दाल्सू म्हणाला. "म्हणून तर मजा."

मी डाव हातात घेऊनच तंबूतून बाहेर आले. ओकबुनने माझा एप्रन मागून धरला होता, तो सुटला. मला माईक नको होता. सव्वीस वर्षं पाचशे पोरांच्या गोंगाटात ओरडून वाढलंय, आवाज आहे मला.

"मी ठेवायचे," मी म्हणाले.

सगळी हेल्मेटं माझ्याकडे वळली. दाल्सू म्हणाला, "ताई, सूप..." मी म्हणाले, सूप होतंय. मग मुलांना सांगितलं की हे आजोबा साडेतीन वर्षं माझ्या पाठुंगळीला होते. तिथे, त्या बांधावर. हे रडायचे, मुतायचे, माझी वेणी तोंडात घालून चोखायचे. मुलं खदखदून हसली. एवढा टक्कल पडलेला माणूस कोणाच्या तरी पाठीवर बसलाय, हे त्यांना फारच आवडलं. दाल्सूचे कान लाल झाले. मला बरं वाटत होतं, ओकबुनचं नाक फुटलं होतं तेव्हासारखं, आणि मी आणखी सांगत सुटले. तो तीन वर्षांचा असताना एकदा त्याला पोदेगीच्या पट्ट्याने बांधावरच्या तुतीच्या झाडाला बांधलं आणि ओकबुनच्या गाडीवर जाऊन बसले. काठ्या दोनदा रोवल्या. दोनदाच. तेवढ्यात त्याने असा सूर लावला की आई बाजारातून येत होती ती रस्ता सोडून बांधावरून धावत आली. तिने मारलं त्याचं काही नाही. ती म्हणाली होती, "तू पडलीस तर पडशील. त्याला काही झालं असतं म्हणजे?" ते मात्र मी मुलांना सांगितलं नाही. मारलं एवढंच सांगितलं.

चौदा नंबर हसत नव्हती. तिने हात वर केला नाही, सरळ विचारलं.

"मग आजी, तुमची फेरी कधी आली?"

बाविसांना दोन-दोन फेऱ्या वाटून दिलेल्या होत्या, तेव्हा तिच्या डोक्यात फेऱ्याच असणार. प्रश्न अगदी साधा होता. मी डावाकडे बघितलं, डावाच्या टोकाला सुपाचा थेंब गोठला होता.

"अरे, सूप बुडाला लागतंय," मी म्हणाले आणि तंबूत परत आले.

त्यानंतर शिट्ट्या वाजल्या, फेऱ्या झाल्या. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी बघितलं. पोरांना काठ्या धड रोवता येत नव्हत्या, गाड्या गोल गोल फिरत होत्या, तरी पोरं किंचाळत होती. दोन फेऱ्या झाल्या की शहाण्यासारखी उठून पुढच्यासाठी बर्फ मोकळा करत होती. मी असते तर उठले नसते. सूप सगळ्यांनी दोनदा घेतलं, एवढं मात्र माझ्या हाताला यश. अडीचला बस गेली. खिडकीतून चौदा नंबरने मला हात केला. मी डाव हलवला.

ओकबुन गुडघे धरत घरी गेली. मी पातेलं घासत बसले. दाल्सू एकेक गाडी उचलून ढीग लावत होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता. पाचसहा गाड्या झाल्यावर त्याला राहवलं नाही.

"सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती, ताई?"

"तू सगळ्यांसमोरच म्हणालास ना, कोणीच नाही."

"मला आठवत नाही, तर मी काय करू? तीन वर्षांच्या पोराला काय आठवणार?"

ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. मी म्हणाले, नसेल आठवत तर 'आठवत नाही' म्हणायचं. त्याने आणखी एक गाडी ढिगावर टाकली. पुढची उचलली आणि तिच्याकडे बघत तसाच उभा राहिला.

"एक आठवतं," तो म्हणाला. "बर्फ वरून दिसायचा. खूप वरून. आणि पोट गरम असायचं. मला कायम वाटायचं, मी कुठल्या तरी भिंतीवर बसलोय. ऊन खाल्लेल्या भिंतीवर."

"भिंत," मी म्हणाले. "वा."

पातेल्याच्या बुडाला सूप लागलं होतं, ते मी घासत राहिले. थोड्या वेळाने तारेचा बर्फावर कर्रर्र आवाज झाला. त्याने हातातली गाडी काठाशी आणून ठेवली होती, तिला दोर बांधला होता.

"बस," तो म्हणाला.

मला नाही म्हणायचं होतं. पंधरा दिवस वाट बघायला लावून मग भांडणानंतर म्हणतो बस. शिवाय बर्फ धरेल का, माझी कंबर धरेल का, उठवणार कोण, त्याचा गुडघा गेल्या वर्षीच बदललाय. हे सगळं मी बोलूनही दाखवलं. मग गळ्यातला मफलर काढून त्याने माझ्या डोक्याला गुंडाळला आणि हनुवटीखाली गाठ मारली. "हेल्मेटं बसमध्ये गेली," तो म्हणाला.

मी हात पुसले आणि बसले. फळी माझ्या मापाची नव्हती, पोरांच्या मापाची होती, मांड्या दोन्हीकडून बाहेर आल्या. खाली बर्फ काळा दिसत होता, आत भाताचे कापलेले बुडखे. इतक्या जवळून मी तो साठ-पासष्ट वर्षांत बघितला नव्हता. दाल्सूने काठ्या माझ्या मांडीवर ठेवल्या, दोर खांद्यावर घेतला आणि लंगडत ओढायला लागला.

गाडी हलली. वारा तोंडावर आला. बांध मागे जायला लागला, मी उभी राहायचे ती जागा, तुतीचं झाड तोडलंय तिथला खुंट. मला कोणाचाच हेवा वाटत नव्हता, अर्ध्या खाचरापर्यंत तरी. मग काठ्या मांडीवरून घसरून बर्फावर पडल्या, खडखडत मागे राहिल्या.

दाल्सू थांबला. "काठ्या धर की, ताई. नुसती काय ओढून घेतेस?"

वळून त्याने माझ्याकडे बघितलं आणि दोर त्याच्या खांद्यावरून खाली आला. मग मलाही कळलं. माझे दोन्ही हात मागे होते. कंबरेच्या खाली, बोटांत बोटं घट्ट अडकवलेली, आणि मी जरा पुढे वाकले होते.

"मागे कोणी नाही, ताई," तो हळू म्हणाला.

"माहितेय," मी म्हणाले. "तू ओढ."

त्याने दोर परत खांद्यावर घेतला. बोटं काही सुटली नाहीत. आम्ही तसेच पलीकडच्या काठापर्यंत गेलो.