बसायला माणूस

"हा गडगा कुठल्या गाढवानं रचलाय?"

गोठ्यामागून आबांचा आवाज आला आणि थोरल्या सुनेच्या हातातला शेणाचा गोळा हातातच राहिला.

"तुम्हीच रचलाय, आबा. काल."

"मी? असला?" म्हाताऱ्यानं वरचा दगड उचलून भिरकावला. "चाळीस वर्षं गडगे रचतोय. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. रेडा टेकला तरी हलायचा नाही. आणि हे बघ, कपच्या नुसत्या कोंबल्यात! त्याला मजुरी देऊ नकोस, सांगून ठेवतो."

रोज सकाळी आबा कालच्या गवंड्याला शिव्या घालत गडगा पाडायचे, दुपारी नव्यानं रचायचे, आणि दुसऱ्या दिवशी तोही गवंडी नालायक निघायचा. मधल्या वेळात शेळ्या मोकळ्या. शेळ्या लोकांच्या कांद्यात, थोरली शेळ्यांमागं, आणि आबा वाट फुटेल तिकडं. नवरा खाणीवर कामाला. महिन्यातनं दोनदा यायचा, बापाच्या पायाशी घटकाभर बसायचा आणि जाताना म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." निर्धास्त माणसाला झोप छान लागते. थोरलीला तीन वर्षं लागली नव्हती.

गेल्या आठवड्यात शेताला पाणी द्यायची तिची पाळी होती. शेळीचं दावं घेऊन तिनं आबांचा पाय खांबाला बांधला आणि गेली. परत आली तर म्हातारा शहाण्यासारखा बसलेला. म्हणाला, "बाई, मालकिणीला सांगा, मी पळणार नाही. दावं ढिलं करा जरा."

ती तिथंच बसून रडली. पण भीती रडण्याची नव्हती. पुढच्या खेपेला बांधताना रडू आलंच नाही तर, याची होती.

म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाईनं कागद दिला तेव्हा तिनं तो तीनदा वाचला. घरी म्हातारं माणूस सांभाळणाऱ्यांसाठी शिबिर. मंगळवारी, दोन तास. शहरातले साहेब मन मोकळं करून घेणार. खाली ठळक अक्षरात: रुग्णाला सोबत आणू नये.

दोन तास बसायला माणूस हवा. तेवढंच.

शेजारीण म्हणाली, "बाई गं, तुझ्यासारखी सून दिव्यानं शोधून सापडायची नाही. पण मंगळवारी माझं दळण आहे."

शहरातल्या जावेला फोन केला. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? मला तर आबांना असं बघवतच नाही हो."

"मग डोळे मिटून बस. पण ये."

फोन कट झाला. तिचं कौतुक करायला सगळं गाव मोकळं होतं. म्हाताऱ्याजवळ बसायला एक माणूस मोकळा नव्हता.

मंगळवारी ती आबांचा हात धरून दवाखान्यात पोचली. तीस खुर्च्या मांडलेल्या, त्यातल्या एकीवर नर्सबाई, तीही साहेबांना वाईट वाटू नये म्हणून. साहेब इस्त्रीच्या शर्टात.

"ताई, रुग्णाला आणायचं नव्हतं. आमचा दुसरा मुद्दाच तो आहे. स्वतःसाठी वेळ काढा."

"तोच काढायला आले. कुणाच्या घरातनं काढू, ते सांगा."

साहेब हसले. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून म्हणाले, "एकूण तुमच्या गावात हा प्रश्न फारसा दिसत नाही. तसं लिहितो."

थोरलीचं डोकं फिरलं. "लिहा ना! शिंपिणीची सासू कोपऱ्यात बसून दिवसभर भिंतीशी भांडते, ते लिहा. दूधवाल्याचा बाप बायको गेल्यापासनं एक शब्द बोलला नाही, लोक म्हणतात आळशी झालाय, तेही लिहा. ती माणसं आली नाहीत कारण यायला मोकळी नाहीत! बुडणाऱ्याला काठावरनं हाक मारायची आणि आला नाही म्हणून लिहायचं, पोहण्याची आवड नाही?" मग आवाज उतरला. "मी यांना दाव्यानं बांधलं, साहेब. शेळीच्या."

नर्सबाईनं मान खाली घातली. साहेबांनी पिशवीतून एक छापील कागद काढला.

"छान. मन मोकळं केलंत." त्यांनी तो पुढं केला. "आठ तास झोप घ्या. आणि मदत मागायला लाजू नका."

"नाही लाजत," थोरली म्हणाली. "दोन तास तुम्ही मला दिलेत ना? मग बसा यांच्याजवळ."

आणि ती आतल्या खोलीत गेली, तपासायच्या खाटेवर आडवी झाली आणि दगडासारखी झोपली.

आबा तोवर बाहेर पडले होते. दवाखान्याचा गडगा बघून त्यांचं रक्त खवळलं. "कुठल्या गाढवानं..." आणि पहिला दगड खाली आला. साहेब धावले.

"आजोबा, सरकारी आहे ते!"

"मग तर पाडायलाच पाहिजे. तू नवा मजूर ना? धर हा दगड. दोन्ही हातांनी धर, नवरीसारखा काय धरतोस! कपची आण. ही कपची आहे का तुझं डोकं?"

एक तास झाला, दोन झाले. साहेबांच्या शर्टाची इस्त्री गेली, मग रंग गेला, मग आवाज चढला. "अहो, किती वेळा सांगू तेच तेच!"

"मला कधी सांगितलंस तू?" आबांनी खरोखरच आश्चर्यानं विचारलं.

साहेब नर्सबाईकडे वळले. "त्यांना उठवा बघू."

"आठ तास म्हणालात, साहेब. आत्ता कुठं अडीच झालेत."

थोरली उठली तेव्हा उन्हं कलली होती. घाबरून बाहेर आली तर आबा कमरेएवढा गडगा रचून झाडाखाली घोरत होते, आणि साहेब पायरीवर दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून बसलेले. त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग उठून गाडीत जाऊन बसले.

महिन्यानं अहवाल आला. उपस्थिती एक, सदर महिला शिबिरात झोपून होत्या, ग्रामस्थांना गरज नसल्यानं उपक्रम बंद. नर्सबाईनं तो वाचला, घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. मंगळवारी दुपारी दवाखाना रिकामाच असतो. तिनं खोली उघडली, चटया टाकल्या, आणि पाळी लावली: एकीनं आणि नर्सबाईनं मिळून सगळ्यांची म्हातारी माणसं सांभाळायची, बाकीच्यांनी सुटायचं.

पहिल्या मंगळवारी पाळी थोरलीची. शिंपीण सासूला घेऊन दारात उभी राहिली, चपला काढू की नको अशी.

"इथं करायचं काय असतं गं?"

थोरलीनं सासूचा हात तिच्या हातातनं सोडवून घेतला.

"आडवं व्हायचं," ती म्हणाली.